नातान, नेथन, नाथन

बाळाला तुझ्या आजोबांचं नाव दे, असं घरच्यांनी सुचवलं, तेव्हा “असलं जुनाट नाव नको” म्हणत हिमांशूने महिनाभर मोबाईल धुंडाळून हिब्रू नाव शोधलं. मूळ नातान, म्हणजे देवाने दिलेला. त्याचंच इंग्रजी रूप नेथन. पण तिरोड्यात कुणी नेतन म्हणे, कुणी नाथन. सगळ्यांना सुधारून सुधारून त्याचा जीव मेटाकुटीला आला.

“आजी, शेवटचं सांगतो, ने-थन!” तो खेकसला.

“तेच तं म्हणून राहिली मी, काऊन ओरडून राहिला?” म्हणत अनुसयाबाईने पाळण्याला झोका दिला आणि लाडाने हाक मारली, “नत्थू!”

“ओ!” म्हणत ओसरीवरून आजोबा धडपडत आत आले, साठ वर्षांत बायकोने पहिल्यांदाच त्यांचं नाव घेतलं होतं.