साहेबाचा रस्ता

प्रकाशाच्या घाटावर गफूर मिस्त्रीनं फटफटी थांबवली, तेव्हा नाव काठाला लागलेली होती आणि गाडी चढवायला दोन रुंद फळ्याही टाकून ठेवल्या होत्या. एरवी हा नावाडी तासभर हाका मारल्याशिवाय पलीकडच्या काठावरून हलत नसे.

“चढावा,” नावाडी म्हणाला. “सकायपासून तुम्हनीच वाट दखी ऱ्हायनूत.”

गफूरला हसू आलं आणि लगेच धडकीही भरली. त्याच्या डोक्यावर नंदुरबारच्या डॉक्टरांची साहेबी सोला टोपी होती, डोळ्यांवर त्यांचाच काळा चष्मा. मोठ्या साहेबाचा दौरा याच आठवड्यात डोंगरात जाणार, हे नंदुरबारभर झालं होतं. साहेब फटफटीवर फिरतो हेही सगळ्यांना ठाऊक. नावाडी कुठं चुकला ते उघड होतं.

खरं सांगून टाकावं, असं गफूरला वाटलं. पण सांगितलं आणि त्यानं फळ्या काढून घेतल्या तर? मागच्या कॅरियरला, थंड राहावी म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पेटी बांधली होती. तीत घटसर्पाच्या औषधाच्या बाटल्या होत्या, सकाळच्या गाडीनं सुरतेहून आलेल्या. डोंगरातल्या उंबरपाड्यात चार पोरांचे गळे बंद होत आले होते. तिथल्या हन्ना नर्सची चिठ्ठी घेऊन करमसिंग नावाचा माणूस पायी नंदुरबारला आला होता, आणि औषध कधी, कसं येणार ते ऐकून परवा पायीच परत गेला होता. दिवस बुडायच्या आत सुई टोचली तरच उपयोग, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांना दवाखाना सोडून निघता येईना. त्यांच्या फटफटीची सगळी दुखणी गफूरला पाठ, म्हणून तो निघाला.

गफूरनं फटफटी फळ्यांवर चढवली. जन्मात कोणाचा फुकट चहा न प्यालेला माणूस साहेब होऊन तापी उतरला.

पुढं तर कमालच होती. पावसाळ्यात या वाटेची चाळण होते, पण कळसाडीच्या शिवारात चाकोऱ्या मुरूम घालून बुजवल्या होत्या. बाभळीचे काटे झाडून बांधाला लावले होते. कापसाच्या गाड्या एका अंगाला सरकवून गाडीवान बैलांची तोंडं धरून उभे होते. साहेब यायचा म्हटलं की माणसं वेठीला धरायची आणि रस्ते करून घ्यायचे, हा रिवाजच होता. हातातलं काम टाकून, शिव्या खात यांनी हे केलं असणार, असं गफूरच्या मनात येई आणि जीव कसनुसा होई. पण चाक धक्का न खाता पुढं जाई. मग तो मनातल्या मनात म्हणे, या अल्ला, ज्यानं ज्यानं इथं एक पाटी मुरूम टाकला, त्याच्या घरात बरकत दे.

म्हसावदला वेशीवर कमलबाई नावाची म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन उभी होती. ताक त्याच्या हातात देऊन ती मागे गेली आणि न विचारता घागरभर पाणी पेटीच्या गोणपाटावर ओतलं.

“ऊन लागी जाई,” ती म्हणाली.

साहेबलोकांना सोड्याची बाटली थंड लागते, हे या म्हातारीला कोणी शिकवलं असेल? गफूरनं ताक घटाघटा प्यायलं. चव लागली नाही. खोट्या मानाचं ताक ते, लागणार कसं!

घाट सुरू झाला. पहिल्याच उभ्या चढावर फटफटीनं दम टाकला. त्याच क्षणी झाडीतून आठ-दहा गडी पुढं आले, दोर बांधला आणि गाडी ओढत माथ्यावर नेली. दर चढाला नवे गडी, नवा दोर. ओढ्यात दगड मांडून ठेवलेले. मात्र कोणी वाकून सलाम केला नाही. डोंगरातली माणसं, यांना कुठली रीतभात, असं गफूरला वाटलं.

उंबरपाडा आला तेव्हा ऊन डोंगराच्या कडेला होतं. हन्ना दारातच होती. तिनं पेटी घेतली, सुया उकळायला टाकल्या, आणि अंधार पडायच्या आत चौघांना टोचून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चार पोरांतल्या एकीनं, पाड्यातल्या म्हाताऱ्या धनुबाईच्या नातीनं, पेज मागितली. मग दुसऱ्या पोरानं. धनुबाईनं गफूरचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले, आणि तो धटिंगण मिस्त्री भिंतीकडे तोंड करून रडला. अल्लाचे आभार मानून झाले, हन्नाचे झाले. ज्यांना फसवलं, ती माणसं मात्र राहिली होती.

गावचा कारभारी रूपसिंग अंगणात बसला होता. गफूर त्याच्यासमोर जाऊन बसला. टोपी काढून त्यानं बाजूला ठेवली.

“दादा, मन्हाकडथीन एक पाप व्हयनं,” तो म्हणाला. “तुम्हीन हाऊ रस्ता साहेबनासाठे करेल व्हता. मी साहेबनी टोपी घालीसन त्यावर उनू. वाटमां कोनलेच खरं सांगं नई.”

रूपसिंगची घरची बोली पावरी, पण बाजारामुळं अहिराणी चांगली यायची.

“तुम्हले कोनी साहेब म्हनं का?”

गफूरनं आठवून पाहिलं. नावाडी, गाडीवान, कमलबाई, दोर ओढणारे गडी. “नई,” तो म्हणाला.

“करमसिंग परत येतांना गावोगाव सांगत उना. पोरेसनं औषध फटफटीवर यी ऱ्हायनं म्हने.”

“आनि साहेब?”

“त्याना शिपाई परवा वाट इचाराले उना व्हता,” रूपसिंग म्हणाला. “समदा गावेसनी त्याले एकच सांगं. वाट पार वाही गयी शे, सायकलबी जास नई.”