पुसलेला पाळणा

विक्कीनं व्हिडिओ लावला. पडद्यावर निवृत्तीभाऊंची बायको, शालनबाई, पाळण्याची दोरी धरून गात होती. मान डोलत होती, ओठ हलत होते. ऐकू मात्र येत होतं कुठल्याशा सिनेमातलं गाणं.

“आवाज दुसराच लागलाय बघ,” भाऊ म्हणाले.

विक्कीनं व्हिडिओ थांबवला.

शालनबाई जाऊन चार महिने झाले होते. औंढे गावच्या एका बारशात तिनं गायलेला भीमाचा पाळणा एकदा ऐकायचा, एवढ्यासाठी भाऊ नवलाख उंबरे या आपल्या गावाहून लोणावळ्याला, त्या बारशाचं शूटिंग केलेल्या विक्कीच्या स्टुडिओत आले होते. तिचं दुसरं रेकॉर्डिंग जगात कुठंच नव्हतं. असणार कसं? मागं आंबी गावातल्या एका घरी कार्य निघालं, तेव्हा भाऊंच्या गाण्याच्या पार्टीला बोलावण्याऐवजी लोकांनी मोबाईलमध्ये भरून ठेवलेली भाऊंचीच गाणी स्पीकरवर वाजवली. दुधानं तोंड पोळलं, तेव्हापासून भाऊ ताकही फुंकून पीत. पहिल्या गाण्याआधी सगळ्यांना मोबाईल खाली ठेवायला लावत. कुणी वर धरलाच, तर पेटी बंद. एकदा तर नवरदेवाच्या मामालाही त्यांनी सोडलं नव्हतं. हट्टाला काय औषध!

“मूळ आवाज आसंल की तुझ्याकडं. तेवढा काढ.”

“पुसला, भाऊ.”

“पुसला?” भाऊ ताडकन उठले. “कुणाला इचारून? माझ्या बायकूचा आवाज हुता त्यो!”

“तुमचाच निरोप आहे, भाऊ. उद्या तक्रार नको म्हणून ठेवला होता.”

विक्कीला तो ऐकवायचा नव्हता. तरी त्यानं मोबाईल काढला आणि बटण दाबलं. भाऊंचा करडा आवाज खोलीभर झाला.

“विक्की, बारशाचं चित्र ठेव. आमचा आवाज ठेवायचा न्हाई. मूळचाबी पुसून टाक, सांगून ठिवतो.”

निरोप अजून चालूच होता. मागं कुठंतरी भांडं वाजलं, आणि शालनबाई बोलली.

“अवो, एक तरी राहू द्या की. आपल्याला व्हईल ऐकायला.”

“तू गप बस!”

निरोप तिथंच संपला. विक्की मोबाईल खिशात टाकणार, तोच भाऊंनी त्याचा हात धरला.

“परत लाव,” ते म्हणाले. “तिचं झालं की बंद कर. माझं नगं.”