मऊ चिमटा

डॉ. नीलांबरी खोत यांनी मालन इंगळेच्या अर्ध्या तुटलेल्या दाताभोवती रबरी पडदा ताणला आणि पोलादी चिमट्याने घट्ट बसवला. त्या दातावर आता जिवंत लेप घालायचा होता. तो आपोआप वाढून दात पुरा करायचा. पण जिभेला लागला तर तिथेही रुजायचा.

मालन कळवळली. "डॉक्टरबाई, हिरडीत रुततंय. दुसरा नाही का?"

नीलांबरीला राहवलं नाही. तिने मऊ पकडीचा चिमटा लावला. तो जरासा डुगडुगला, पण मालनचा चेहरा निवळला होता. नीलांबरीने लेप घातला.

थोड्याच वेळात पडदा एका बाजूने सुटला. मालनच्या जिभेच्या टोकावर पांढरा, टणक ठिपका उगवला होता आणि बघता बघता पसरत होता. बधिर करून नीलांबरीने ते टोक कापून काढलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तुमचं ऐकायला नको होतं."

बधिरपणा ओसरल्यावर मालननेच तिचा हात धरला. "कालजी करू नका," ती म्हणाली आणि थबकली. मग सावकाश, जीभ वळवून पुन्हा म्हणाली, "कालजी."

तिने नीलांबरीचा हात सोडला.