ओळख पटली

बाराव्या दिवशी सकाळी शंभुलिंगाची जीप दारात थांबली, तेव्हा व्यंकट बांबू घेऊन नदीकडे निघालाच होता.

"तात्या, बांबू ठिवा," शंभुलिंग म्हणाला. "खालच्या बंधाऱ्याच्या दारात एक घावलंय. पोलिसांनी बोलावलंय."

व्यंकटनं मागं वळून पाहिलं. त्याची बायको मथुराबाई थंड चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं ऐकलं की नाही, ते कळलं नाही.

गाव तेरणेच्या काठचं. नगरपंचायत झाली, चौकात मोठे दिवे आले, पण नदीवरचा नळकांडी पूल तोच राहिला. सप्टेंबरात पाणी चढलं, त्या संध्याकाळी त्यांचा मुलगा उत्कर्ष मोटारसायकलवरून घरी येत होता. मोटारसायकल सापडली. उत्कर्ष सापडला नाही. बोटीवाले जवान चार दिवस शोधून निघून गेले, मग व्यंकट एकटाच उरला. त्यानं तीस वर्षं गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले होते. कुठल्या गल्लीत पाणी कधी येणार, ते घड्याळ न बघता सांगायचा. आता तो रोज नदीत उतरून बाभळीच्या मुळ्यांत बांबू खुपसत होता.

मयत घरात असेपर्यंत चूल पेटत नाही. इथं तर मयत घरी आलंच नव्हतं. "पोरगं पाण्यात हाय तवर म्या चूल पेटवायची न्हाय, अन् घासबी घ्यायची न्हाय," असं मथुराबाई म्हणाली आणि तसंच वागली. शेजारची गिरिजाबाई भाकरी आणून ठेवायची, दुसऱ्या दिवशी कडक झालेली परत न्यायची. डॉक्टरांनी दोनदा सलाइन लावलं. व्यंकटला बाहेर बोलावून ते हळूच म्हणाले, "असंच चाललं तर आठवडाही काढणार नाहीत त्या."

जीपमध्ये शंभुलिंगाला गप्प बसवेना. "माझी गाडी नवरदेवाची, तात्या. प्रेत कधी न्हेलं न्हाय. वास धरला तर लगीनसराई बुडाली माझी." मग त्यानं जीभ चावली. "चुकलं. बोलू नये ते बोललो."

"बोल तू," व्यंकट म्हणाला. "कुणी तरी बोलाया पायजे."

शवागारातल्या हवालदारानं आधीच सांगितलं, "तोंड बघू नका. वळखण्यासारखं काय राहिलं न्हाय." त्यानं पायाकडची चादर गुडघ्यापर्यंत वर केली. "काय खूण हाय का अंगावर?"

व्यंकट बराच वेळ बघत राहिला.

"करंगळी," तो म्हणाला. "डाव्या पायाची. न्हाय त्याला. सातवीत असताना ट्रॉलीखाली गेली."

हवालदारानं वाकून पाहिलं आणि लिहून घेतलं. "सही करा हितं."

व्यंकटनं सही केली.

जीप गल्लीत शिरली, तेव्हा मथुराबाई कुणाचाही हात न धरता दारापर्यंत चालत आली. बारा दिवसांत पहिल्यांदाच. तोंडावरचं कापड सोडायचं नाही, असं पोलिसांनी बजावलं होतं.

"पाय तरी धुऊ द्या मला," ती म्हणाली.

बायकांनी वाट दिली. तिनं तांब्यानं पाणी घालून दोन्ही पाय धुतले, पदरानं एकेक बोट पुसलं. डाव्या पायाच्या कडेला तिचा पदर थांबला. मग त्या पायांना मिठी मारून तिनं असा हंबरडा फोडला की रस्त्यापलीकडची माणसं धावत आली.

"रडली बाई एकदाची," गिरिजाबाई डोळे पुसत व्यंकटला म्हणाली. "आता जगंल."

त्याच दुपारी अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मथुराबाईनं चूल पेटवली. व्यंकटच्या ताटात भाकरी वाढली आणि स्वतः अर्धी खाल्ली. व्यंकट पुन्हा नदीकडे गेला नाही.

तेराव्यानंतर आठवड्यानं एक बाई दारात उभी राहिली. चपला चिखलानं जड झालेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी.

"वाशीकडनं आले, दादा. कडूबाई माझं नाव. पोरगं व्हाऊन गेलंय, काठाकाठानं इचारत निघालेय." तिनं पिशवीतून फोटो काढला. ट्रॅक्टरला टेकून हसणारा तरुण. "तोंडावरनं वळखू यायचा न्हाय आता. पर डाव्या पायाची करंगळी न्हाय त्याला. जलमल्यापासनंच न्हाय."

फोटो व्यंकटच्या हातात तसाच राहिला. मागं बांगड्या वाजल्या. मथुराबाईनं सगळं ऐकलं होतं. मागं वळायची त्याची छाती होईना. तिच्यापुरता उत्कर्ष पुन्हा पाण्यात गेला होता. आता चूल विझणार, आणि पाठोपाठ हीही जाणार.

मथुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं त्याच्या हातातून फोटो घेतला, नीट पाहिला आणि कडूबाईला परत दिला.

"न्हाय बाई. असं कुणी न्हाय घावलं हितं. खालच्या अंगाला इचारून बघा."

कडूबाई उभ्यानंच पाणी प्यायली. "तुमचं बी कुणी गेलं का पुरात?"

"पोरगा."

"घावला?"

"घावला."

"नशिबाच्या हाय तुमी," कडूबाई म्हणाली. फोटो पिशवीत गुंडाळून ती पुलाच्या वाटेनं निघून गेली.

ती पुलापलीकडे दिसेनाशी झाली.

"मथुरा," व्यंकट म्हणाला, "तुला कवा कळलं?"

"पाय धुतानाच. आपल्या पोराची करंगळी शाबूत हुती."

"मग रडलीस ती कशापायी?"

मथुराबाई रिकामा तांब्या घेऊन उंबऱ्यावर बसली.

"पोरगं तर गेलंच हुतं," ती म्हणाली. "तुमी तरी नदीतनं भाईर यावं म्हणून रडले."