इंटरव्हलपर्यंत

"पुढे?" दिनकररावांनी विचारलं.

"पुढे इंटरव्हल झाला," वृंदा म्हणाली आणि साडी बदलायला आत निघून गेली.

दिनकरराव प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून दिवाणावर पडले होते. बसमधून उतरताना पाय मोडला, तो नेमका हा खुनाचा सिनेमा लागायच्या आठवड्यात. नाहीतर शुक्रवारचा पहिला शो ते एकटेच बघून आले असते. घरी जेवताना आणि सोमवारी ऑफिसात, सेक्शनमध्ये डबा खाताना त्यांनी अख्खी स्टोरी खुन्यासकट सांगितली असती आणि वर निकाल दिला असता, "थिएटरात जाऊन बघण्यासारखा नाही. केबलवर येईल." लग्न झाल्यापासून वृंदाने एकही सिनेमा शेवट माहीत नसताना पाहिला नव्हता. कधी नेलंच, तर शेजारच्या खुर्चीतून हे कुजबुजायचे, "आता बघ, हा मरणार." आणि तो मरायचा.

आज मात्र ती लेकीला, अवनीला आणि मिसेस सेठी, अलकनंदावहिनी या दोन शेजारणींना घेऊन साकेत भागातल्या नव्या चार पडद्यांच्या थिएटरात गेली होती. मिसेस सेठींनी नवीकोरी मारुती काढली. त्यांना अजून रिव्हर्स येत नव्हता, तरी काढली. तिथल्या गार हवेत, मऊ खुर्चीत, खुनी कोण हे अजिबात ठाऊक नसताना वृंदा मोठ्याने किंचाळली होती. तिला फार बरं वाटलं होतं.

"अगं, पण खुनी कोण?"

"ते बघण्यासारखं आहे," आतून उत्तर आलं.

"हा पाय घेऊन कुठे जाऊ? प्लास्टर निघेपर्यंत उतरेल तो सिनेमा!"

"केबलवर येईल."

दिनकरराव चडफडले. संध्याकाळी सेक्शनमधला दुसरा मराठी माणूस, सुधाकर, भेटायला येणार होता. पायाची चौकशी हे नुसतं निमित्त. 'साहेब, जाण्यासारखा आहे का?' हे तो विचारणारच. सिनेमाच्या बाबतीत सगळा सेक्शन त्यांच्या शब्दावर चालायचा, आणि आज त्यांच्याजवळ अर्धाच सिनेमा होता.

अवनी पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "बेटा, तू तरी सांग."

अवनीने आतल्या दाराकडे बघितलं. "मम्मीला बोलू नका हां, बाबा. इन्स्पेक्टर."

"वाटलंच होतं मला!" दिनकरराव खूश झाले. वरच्या मजल्यावरच्या अलकनंदावहिनी वाटीभर शिरा घेऊन येईपर्यंत ते खूशच होते.

"इन्स्पेक्टर?" वहिनी म्हणाल्या. "छे हो भाऊजी, त्या बिचाऱ्याला उगाच गोवलं. खून डॉक्टरने केला."

"किसने कहा डॉक्टर?" त्यांच्या मागून मिसेस सेठी आत आल्या. "देवर था, भाईसाहब, देवर! मैं तो काँप गई."

दोघी एकमेकींकडे न बघता लगबगीने बाहेर पडल्या. जिन्यात पोचल्यावर मात्र त्यांचं हसणं फुटलं, ते सगळ्या क्वार्टर्सना ऐकू गेलं.

वृंदा आत कणीक मळत होती. तीही हसली. सूड घेताना इतकं छान वाटतं, हे मात्र तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

"वृंदा, प्लीज," बाहेरून हाक आली. आवाज नरम होता. "सुधाकर येईल इतक्यात. खरं काय ते सांग ना."

ह्यांनी घरात कुणाला प्लीज म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला थोडी दया आली. कणकेचे हात घेऊन ती दारात आली आणि तिने खरं ते सांगून टाकलं.

"बायकोने केला."

"कुणाच्या?"

"जो मेला, त्याच्याच."

दिनकरराव इतके हसले की पाय उशीवरून घसरला. "काहीतरीच! बायकोला जमणार आहे का ते? नसेल सांगायचं तर नको सांगूस, यार."

"बरं," वृंदा म्हणाली. दया जशी आली तशीच गेली. पुन्हा विचारलं असतं तरी आता ती सांगणार नव्हती.

तेवढ्यात सुधाकर केळी घेऊन आला. तो खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दिनकररावांनी हात वर केला.

"सुधाकर, जाऊ नकोस. खुनी इन्स्पेक्टर आहे. पहिल्या रिळातच कळतं."

पोरीचा शब्द त्यांना त्यातल्या त्यात भरवशाचा वाटला होता. सुधाकर मात्र खुर्चीत अवघडला.

"साहेब, ते... आम्ही कालच जाऊन आलो. सगळा सेक्शन. म्हटलं, तुम्ही रजेवर आहात तोवर बघून घेऊ."

दिनकररावांनी पायाखालची उशी उगाच सरळ केली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मग कोण होता रे खुनी?"

सुधाकरने वृंदाकडे पाहिलं. ती दारातच उभी होती. इतकी वर्षं डबा उघडला की शेवट ऐकायचा आणि मान डोलवायची, हे त्यानेही केलं होतं. तो पुढे वाकला आणि अदबीने म्हणाला,

"माळी, साहेब."

सिनेमात माळी नव्हताच.