उलटू का पान?

“ऐकलंस का आजचं?” वडिलांनी फोनवर विचारलं.

“ऐकलं, बाबा.”

“मग झालं तर. उद्या दोनशे बारावा.” त्यांनी फोन ठेवला.

तिने लाल पेन उचललं आणि समोरच्या मजकुरातली राहिलेली चूक दुरुस्त केली. तिने काहीच ऐकलं नव्हतं.

ती मुद्रितशोधक होती. दिवसभर दुसऱ्यांची पानं वाचायची. वडिलांनी वर्षाच्या सुरुवातीला बेत आखला तो हे जाणूनच. संपूर्ण बायबल, एका वर्षात, दोघांनी मिळून. एकट्याने त्यांनी तीनदा सुरू केलं होतं आणि तिन्ही वेळा वंशावळींपाशी गाडं अडलं होतं. “दोघं असलो की सुटत नाही,” ते म्हणाले होते. “तुझे डोळे दमतात. मी वाचतो, तू नुसतं ऐक.”

रोज सकाळी साडेसातला ते घड्याळं दुरुस्त करायच्या खोलीत बसत, अंगठ्याने फोनवरचं बटण दाबून धरत आणि त्या दिवसाचा भाग वाचत. अंगठा उचलला की निरोप आपोआप तिच्याकडे जाई. इतका वेळ बोट दुखत नाही का, असं तिने एकदा विचारलं होतं. “चाळीस वर्षं चिमटा धरलाय. वीस मिनिटं अंगठा धरायला काय होतंय?”

वाचून झालं की ते विचारत, “उलटू का पान?” ती लहान असताना मांडीवर पुस्तक घेऊन असंच विचारत आणि ती हो म्हणेपर्यंत थांबून राहत. आताही ते तिच्या उत्तरापुरती जागा सोडत. मग पान उलटल्याचा आवाज येई.

पहिले नऊ दिवस तिने ऐकलं. दहाव्या दिवशी काम फार होतं. अकराव्या दिवशी दहावा राहिला होता. त्यानंतर ती फक्त ‘ऐकलं’ म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमारास निरोप आला. ती चपला घालत होती. नंतर बघू म्हणून तिने फोन पिशवीत टाकला. ती जिना उतरते तोच आईचा फोन. चहा घेऊन आई खोलीत गेली तेव्हा वडील खुर्चीतच होते. पुस्तक उघडं होतं. फोन मांडीवर होता आणि अंगठा त्याच्यावरून घसरला होता.

महिन्याभराने ती आईकडे राहायला आली. वडिलांच्या खुर्चीत बसून तिने दहावा दिवस लावला. एका बैठकीत सगळे ऐकता आले असते. पण रोज एक, असं ठरलं होतं.

खोलीतली चौदा घड्याळं एव्हाना बंद पडली होती. किल्ली द्यायला कुणी नव्हतं. प्रत्येकात वेगळीच वेळ होती. फोनमध्ये मात्र वडिलांच्या आवाजामागे ती सगळी चालू होती, जराशी पुढेमागे.

“घड्याळांना किल्ली दिलीस का गं?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“नाही.”



मग वंशावळी आल्या. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा. वडील एकही नाव न गाळता वाचत होते. “उलटू का पान?” त्यांनी विचारलं. मग फोनमधली नुसती टिकटिक.

“किती ही नावं,” ती नकळत पुटपुटली.

“असू दे,” वडील म्हणाले. “यांनाही कुणीतरी जेवायला हाक मारतच असेल की.”

तिने पुन्हा लावलं. तेच वाक्य, त्याच जागी. त्यांना आपल्या मुलीचा स्वभाव माहीत होता, एवढंच. तिने स्वतःला हे दोनतीनदा समजावलं. पण त्या दिवसापासून प्रश्न आला की ती ओठ घट्ट मिटून घेई. पान आपलं आपण उलटे.

असे दोनशे दोन दिवस गेले. उरला शेवटचा. त्या सकाळी आई दाराशी येऊन उभी राहिली.

“त्यांना ठाऊक होतं,” आई म्हणाली.

“काय?”

“तू ऐकत नाहीस ते. ऐकलं की निरोपाशेजारचं ते माइकचं चित्र निळं होतं म्हणे. रोज डोळ्याला भिंग लावून बघायचे. ‘अजून राखाडीच आहे बाईसाहेबांचं,’ म्हणायचे आणि हसायचे.”

“मग रोज विचारायचे कशाला?”

“तू हो म्हणायचीस ना. तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी वाचायला बसायचे.”

आई गेली. तिने दोनशे बारावा लावला. वडिलांचा आवाज नेहमीचाच होता, कुठे अडखळला नाही. भाग संपला.

“उलटू का पान?”

टिकटिक. एरवी ते वीस ठोके थांबत. तिला मोजायची सवय झाली होती. वीस झाले. तीस झाले. पान उलटलं नाही. श्वासाचा आवाज होता, मग तिला वाटलं की तोही नाही. पन्नास. चौदा घड्याळं तिच्या उत्तराची वाट पाहत होती. निरोप अजून संपला नव्हता. म्हणजे अंगठा अजून बटणावर होता.

तिने फोन दोन्ही हातांत धरला.

“बाबा, मी खोटं बोलत होते,” ती म्हणाली. “मी ऐकतच नव्हते. आता सगळं ऐकलंय. उलटा पान.”