पाचच मिनिटं

"काका, लाइन ओलांडा ना! थांबलात काय?" मागून पळत येणारा एक पोरगा ओरडला.

शर्यत जिथे संपते त्या पांढऱ्या पट्टीपाशी येऊन सुशांत परब उभा राहिला होता. एकवीस किलोमीटर पळून आलेला माणूस शेवटचं अर्धं पाऊल टाकायला तयार नव्हता. पलीकडे पदकं घालणारी बाई पदक हातात धरून ताटकळली होती. सुशांतचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. कठड्यामागच्या गर्दीत तो बायकोला, उत्तराला, शोधत होता.

ही शर्यत तो उत्तरासाठी पळाला होता. तसं तिने त्याला पळायला सांगितलं नव्हतं. उलट ती म्हणाली होती, "मला पळून नको दाखवूस रे, एकदा वेळेवर येऊन दाखव."

कारण सुशांतची पाच मिनिटं अख्ख्या दहिसरला माहीत होती. अंगाला साबण लावलेला असताना तो फोनवर बिनदिक्कत सांगायचा, "रिक्षातच बसलोय. पाच मिनिटांत पोचतो." त्या पाच मिनिटांत नाटकाचा पहिला अंक संपला होता, लेकीचा गॅदरिंगमधला नाच उरकला होता आणि सख्ख्या मेहुणीच्या लग्नात तो पोचला तेव्हा हॉलवाले अक्षता झाडत होते. तोंडाने मात्र त्याने पाचाची सहा कधी केली नाहीत.

गेल्या वर्षी तर कहरच झाला. उत्तरा आणि लेक स्वरदा पुठ्ठ्यावर 'बाबा, धाव!' असं लिहून याच कठड्याशी उभ्या होत्या. पाच मिनिटांत पोचतो, असा त्याचा फोन आला. थोड्या वेळाने पुन्हा तोच फोन. मग पुन्हा. मांडववाले बांबू सोडायला लागले तेव्हा सुशांत आला, तो रिक्षातून. कांदिवलीला पोटरीत गोळा आला म्हणे. पोटरीचं एक वेळ खरं मानलं असतं, पण शर्टावर वडापावची लाल चटणी होती. घरी आल्यावर उत्तराने तो पुठ्ठा दुमडून रद्दीत टाकला. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं सुशांतला वर्षभर वाटत राहिलं.

म्हणून यंदा तो खरोखर पळाला. पहाटे उठून नदीकाठच्या रस्त्यावर सराव केला. वडापाव सोडला. बिल्डिंगमधले लोक खिडकीतून हसले, ते ऐकून घेतलं. काल जेवताना त्याने उत्तराला सांगितलं, "मी शेवटची पट्टी ओलांडेन तेव्हा तू समोर पाहिजेस. बाकी काही नको मला."

"किती वाजता?"

"नऊच्या आत. नऊला वेळ संपते."

"बघू," उत्तरा म्हणाली. "जवळ आलास की फोन कर."

बोरिवलीच्या मैदानातून निघून गोरेगावला वळसा घालून परत यायचं होतं. येताना कांदिवलीची ती वडापावची गाडी लागली. सुशांतने मान वळवूनही पाहिलं नाही. पोटरीत गोळा आला, तोही तसाच सोबत घेऊन तो पळाला. मैदानाची कमान दिसली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. पळता पळताच त्याने कमरेच्या पाकिटातून फोन काढला.

"उत्तरा, पाच मिनिटांत पोचतो!"

"बरं."

"अगं, खरंच! आईशप्पथ. कमान दिसतेय मला."

"मी कुठे नाही म्हणतेय? सावकाश ये. पडूबिडू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याची पाच मिनिटं खरी होती. ती पुरती भरायच्या आतच तो पट्टीपाशी पोचला होता. आणि उत्तराचा पत्ता नव्हता.

"शेवटची पाच मिनिटं!" भोंग्यावरून आवाज आला. "नऊनंतर येणाऱ्यांना पदक मिळणार नाही!"

मागून येणारे त्याला वळसा घालून पट्टी ओलांडत होते. गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा गेले. सेल्फी काढत दोन मैत्रिणी गेल्या. सुशांत विचारात पडला. ती घरून निघाली असेल तर थांबायला हरकत नव्हती. ती समोर असताना पाऊल टाकता येईल आणि पदकही मिळेल. एकट्यानेच पट्टी ओलांडली, तर पदक कुणाकडून मागून आणलेलं नाही, हे घरी जाऊन तोंडाने सांगावं लागेल. आणि त्याच्या तोंडी शब्दाला घरात काय किंमत होती, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने पुन्हा फोन लावला.

"उत्तरा, कुठे आहेस? मी पोचलो गं!"

"हो, हो, पोचलास ना? मीपण आलेच," उत्तरा म्हणाली. "रिक्षातच बसलेय. पाच मिनिटांत पोचते."

सुशांतचा जीव भांड्यात पडला. फोन कानाला तसाच ठेवून त्याने कपाळावरचा घाम पुसला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि पट्टीच्या अलीकडे ऐटीत उभा राहिला.

तेवढ्यात फोनमधून कुकरची पहिली शिट्टी ऐकू आली.